नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

सारडा सर्कलच्या मागे, मुनाफभाईंच्या भंगारात
मिक्सरच्या भांड्यांखाली सापडली
टीव्ही गेमची पिवळी कॅसेट. एक कोपरा उडालेला.
लेबलवर : ९९९९ गेम.

तेव्हाही ठाऊक होतं सगळ्यांना,
खरे सातच.
बाकी तेच ते, कुठे उडी जरा उंच,
कुठे आभाळ गुलाबी.
तरी यादीची पानं उलटत बसायचो,
चार हजारांच्या पुढे काहीतरी वेगळं निघेल म्हणून.

किती द्यायचे, विचारलं.
वजनावर घ्या, म्हणाले मुनाफभाई,
आणि काटा हललाच नाही.

डबा बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
कुणी नवा गेम मागितलेला नाही.
अंबडला सेकंड शिफ्ट सुटली की
बारा ते तीन मी लिहीत बसतो
जवळजवळ यंत्राच्याच बोलीत :
आण. ठेव. मिळव.
शून्य झालं का बघ.
नसेल झालं तर मागे जा.

चित्रं कुमुदवहिनींची.
आठ ठिपके, आठ ओळी, रंग तीन, चौथा आरपार.
"एवढंच? दारात मी एकवीसची काढते."
मग चष्मा लावून वहीच्या चौकोनांत
त्यांनी भाजीवाली बसवली.
पदराला एक ठिपका. कपाळाला अर्धाही उरला नाही,
तर म्हणाल्या, राहू दे, घाईत निघालीय ती.

गेम असा :
बुधवारचा बाजार, गंगेचा काठ.
भोंगा वाजतो, धरणातून पाणी सोडलंय.
तुम्ही एकेक पाटी उचलून वर न्यायची.
मध्ये दुतोंड्या मारुती.
पावलं, गुडघे, कंबर, छाती, गळा.
गळ्याला लागलं की संपलं.
दुसरं तोंड मी काढलंच नाही,
पहिलंच उलटं केलं, एका बिटात.

कॅसेटमधला काळा डांबरी थेंब खरवडला,
खिडकीवाली जुनी चिप जोडली.
चुकलं की पुसायला
पाण्याच्या फिल्टरमधली निळी नळी, वीस मिनिटं.
एकोणीस वेळा पुसली.
शेवटी अकरा बाइट उरले.
काही भरलं नाही त्यांत.
असू द्यावेत, आहेराच्या पाकिटावरच्या
रुपयासारखे.

पहिली खेळली मुनाफभाईंची नात झेबा,
आडव्या फ्रिजवर मांडी घालून,
ज्या टीव्हीत हिरवा जरा जास्तच येतो त्यावर.
दहा मिनिटांत म्हणाली,
"काका, मारुतीच्या मागे उभं राहिलं
तर पाणी लागतच नाही."

बघितलं. खरंच.
सगळीकडून चढतं
आणि तेवढा एक रकाना कोरडा.
मला ओळसुद्धा कळली कुठली ते :
वजाबाकीत हातचा घ्यायचा राहिला.
तिसरीतली चूक. बाई कान धरायच्या.

"मुद्दाम ठेवलंय ना?"

सोल्डरचा वास असलेली बोटं
मी खिशात घातली.
हो म्हणालो.

मग तिनं पाट्या वर नेणं सोडूनच दिलं.
एकेका भाजीवालीला आणून
मारुतीमागे उभी करत गेली,
एकीवर एक, एकाच ठिकाणी,
लुकलुकत्या सगळ्या,
कारण एका ओळीत आठांहून जास्त दिसत नाहीत.
पाणी छातीला आलं. गळ्याला आलं.
भोंगा वाजून गप्प झाला.
हरण्याचा कोड मी लिहिला होता,
ह्याचा नव्हता.

मुनाफभाईंनी शटर अर्धं ओढलं,
वाकून आत बघितलं, परत वर केलं.
आकडा चढत राहिला.
नऊ हजार नऊशे.
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
मग चार शून्यं
आणि त्या तिथेच, घाईत निघालेल्या,
कोरड्या.